गिझर घेताना, गिझर सांभाळताना



गिझर घेण्याआधी एक पाहा...
तुमच्या नळाला पाणी कुठलं येतं?

बोअरचं पाणी बहुधा जड असतं.
ते तापलं, की कॉइलवर पांढरा क्षार बसतो.
मग पाणी उशिरा तापतं...
वीज जास्त लागते...
आणि एक दिवस कॉइल जळते.

गिझरच्या टाकीच्या आत बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी असते.
टाकीऐवजी ती स्वतः झिजते.
कांडी संपली, की गंज टाकीला धरतो.
म्हणून वर्षातून एकदा क्षार काढून घ्या.
कांडीही तपासून घ्या.
दुकानात चौकशी करताना विचारा, ही कांडी बदलून मिळते का?

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात.
घाबरू नका, तो दाब सोडतो आहे.
त्याचं तोंड मात्र कधीही बंद करू नका.

आणि गॅस गिझर?
तो बाथरूमच्या बाहेर... मोकळ्या हवेतच हवा.
बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो.
त्याला वास नाही, रंग नाही.
आत आंघोळ करणारं माणूस हाक न मारताच कोसळतं.

पुन्हा सांगते...
गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच.
तुमच्याकडे तो आत असेल, तर वापर आजच थांबवा आणि जाणकाराकडून बाहेर बसवून घ्या.