मागे राहिलेले सोबती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जोधपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही कुत्र्यामांजरांविषयी बोलणार असे कळविले, तेव्हा कार्यवाहांच्या मुद्रेवर किंचित चिंता उमटली होती. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वाचनालय यांचा गौरव इतर वक्ते करतीलच. परंतु आपल्यातील काही घरे अन्य प्रांतीय शेजाऱ्यांच्या बरोबरीने गेली काही वर्षे एक काम गाजावाजा न करता करीत आली आहेत. त्याची नोंद राहावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

मारवाड हा मुक्या जिवांविषयी निष्ठुर मुलूख नव्हे. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही इथल्या घरांची जुनी रीत. उन्हाळा लागला की पक्ष्यांसाठी झाडांना पाण्याचे परिंडे टांगले जातात. जांभोजींनी १४८५ मध्ये स्थापन केलेल्या बिश्नोई पंथातील ३६३ जणांनी १७३० मध्ये खेजडली येथे झाडांसाठी प्राण दिले. त्याच समाजात आई गमावलेले चिंकाऱ्याचे पाडस आजही मायेने जगविले जाते.

तेव्हा इथे उणीव दयेची नाही, घराची आहे. ती उणीव बहुतांशी बदलीच्या नोकऱ्यांनी निर्माण केली आहे. बदलीचे हुकूम शाळेचे वर्ष संपता संपता येतात, म्हणजे नेमके लू वाहू लागते तेव्हा. सामान ट्रकमध्ये चढते, मुलांचे दाखले निघतात, आणि कुत्रा फाटकाशी राहतो. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला सावली कुठे, पाणी कुठे, हे ठाऊक असते. कूलरपुढे वाढलेल्या दाट केसांच्या जनावराला यातले काहीच ठाऊक नसते. कुत्र्याच्या सर्वांगाला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववितो, आणि त्यासाठी पाणी लागते. शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत बिनपाण्याच्या कुत्र्याचे काय होते, ते सणाच्या दिवशी सांगत नाही.

काही लोक 'मोकळे रान मिळेल' म्हणून कुत्रा शहराबाहेर नेऊन सोडतात. ही दया दुप्पट महाग पडते. सोडलेले कुत्रे टोळीत मिसळतात आणि चिंकाऱ्यांवर धावतात; ज्या पाडसाला बिश्नोई आईने जगविले, तेच त्यांच्या तोंडी जाते. उपासमार वा तहान होईल अशा स्थितीत जनावर टाकून जाणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात सामान बांधायची दोरीही येत नाही. वस्तुतः रेल्वेने कुत्रा नेता येतो. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा, नाही तर गार्डाच्या डब्यातील पेटी आहेच. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आमच्याकडे निवारा नाही, पगारी माणूस नाही. आहेत ती 'मुक्कामाची घरे'. सापडलेले जनावर प्रथम पशुवैद्यांकडे जाते. रेबीजची लस, जंतांचे औषध, आणि प्रकृती साथ देईल तेव्हा नसबंदी. मग ते तीन-चार आठवडे एखाद्या घरी राहते. ते भुंकते कधी, घाबरते कशाला, मुलांशी कसे वागते, हे त्या मुक्कामातच कळते. दत्तक मागणाऱ्यास आम्ही तीन प्रश्न विचारतो: घरमालकास विचारले का, सुट्टीत गावी गेल्यावर कोण सांभाळणार, आणि बदली झाली तर काय? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला आम्ही नम्रपणे नकार देतो. त्यामुळे आम्हांला तुसडे म्हणणारेही आहेत. असोत.

दोन वर्षांपूर्वी एका रिकाम्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक लॅब्रडॉर कुत्री सापडली. 'बैठ' म्हणा, 'सिट' म्हणा, ती कोणाचेच ऐकेना. शेजारच्या आजी सहज म्हणाल्या, "बस गं बाई," आणि ती निमूट बसली. ती कोणत्या भाषेच्या घरातून आली हे निराळे सांगावे लागले नाही; जमलेली मराठी मंडळी थोडा वेळ गप्पच झाली. पाच आठवडे ती एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. पुढे एका मारवाडी कुटुंबाने तिला नेले. त्या घरात आता 'ये', 'बस', 'थांब' आणि 'पुरे' हे चार मराठी शब्द सफाईने बोलले जातात. निरोपाच्या दिवशी शिक्षिकाबाई मात्र बाहेर आल्या नाहीत. पुढल्याच महिन्यात त्यांनी मांजरीची दोन पिल्ले मुक्कामाला घेतली.

पैशाची अडचण निभते. अडते ते घरांवाचून. जितकी मुक्कामाची घरे, तितकीच जनावरे उचलता येतात. ज्यांना कायमचे पाळणे जमणार नाही, त्यांनाही तीन आठवडे जमू शकतात. आणि ज्यांना बदलीची चाहूल लागली असेल त्यांनी होळीपूर्वीच आमच्या कानावर घालावे. मे महिन्यात कुत्र्यास घर सापडत नाही.

दाराशी मातीच्या उथळ कुंड्या मांडल्या आहेत. धातूचे भांडे उन्हात तापते, म्हणून मातीच्या. जाताना प्रत्येक घराने एक न्यावी आणि फाटकाच्या सावलीच्या बाजूस ठेवावी.