नागीण आणि डोळा : पहिल्या तीन दिवसांचे मोल

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात नेत्रविभागातर्फे दिलेले व्याख्यान)



आमच्या बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून असा रुग्ण येतो, की ज्याच्या अर्ध्या कपाळावर गेरूचा लेप वाळलेला असतो आणि त्याच बाजूची पापणी सुजून डोळा मिटलेला असतो. किती दिवस झाले, असे विचारल्यावर सोबतचे नातेवाईक सांगतात, "आठ-दहा दिवस झाले, डॉक्टर. नागीण आहे. उतरवून घेतली." औषधाचा सर्वाधिक उपयोगाचा काळ तोवर निघून गेलेला असतो. आज मला बोलायचे आहे ते या हातच्या निसटणाऱ्या दिवसांविषयी.

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा विकार होय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो. वाढते वय, कर्करोगावरील उपचार किंवा एचआयव्हीचा संसर्ग यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो जागा होऊन एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणूनच पुरळ सहसा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या समजुतीला आधार नाही.

हाच विषाणू कपाळाकडे व डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूत जागा झाला, तर मात्र दृष्टीला धोका असतो. नागिणीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत असे घडते आणि विषाणूविरोधी औषध न मिळाल्यास त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या डोळ्याला इजा पोहोचते. पुरळ उठण्यापूर्वी काही दिवस कपाळाच्या एका बाजूस आग होते, मुंग्या येतात, डोके ठणकते. अनेकांना ती अर्धशिशी वाटते. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास विशेष सावध व्हावे, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकच मज्जातंतू संवेदना पुरवतो. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदाने १८६५ च्या सुमारास हे लक्षण नोंदवले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. मात्र नाकावर फोड नाहीत म्हणून डोळा सुरक्षित आहे, असे समजू नये.

उपचार अवघड नाहीत. अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करून साधारणतः सात ते दहा दिवस घ्याव्या लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते. उशीर झाला तरीही यावेच. डोळ्याच्या नागिणीत त्यानंतरही औषध दिले जाते. स्लिट लॅम्पवर डोळा तपासल्यावाचून स्टेरॉइडचे थेंब घालणे धोक्याचे आहे. पारपटलावर व्रण पडणे, डोळ्याच्या आत दाह होणे, काचबिंदू, क्वचित दृष्टिपटलाचा नाश, हे सारे पुढे उद्भवू शकते. पारपटलाची संवेदना गेल्यास डोळ्याला झालेली जखम रुग्णाला जाणवतही नाही. म्हणून फोड सुकल्यावरही तपासणीस येत राहावे.

गेरूवरील श्रद्धा का टिकून आहे, हेही समजून घेतले पाहिजे. पुरळ बहुधा दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते आणि श्रेय लेपाला मिळते. त्वचा आपोआप सावरते. डोळा मात्र तसा सावरेलच याची शाश्वती नसते. श्रद्धेचा उपहास करून रुग्ण दुरावण्यापेक्षा त्याला इतकेच सांगावे, की घरी काय करायचे ते नंतर पाहू, आधी आजच्या आज डोळा दाखवून ये.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्या दोन मात्रा असतात. परंतु तिची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

देणगीदारांनी दिलेली उपकरणे आमच्याकडे आहेत. पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच त्यांचे सार्थक होते. आपल्या वस्तीत, नात्यात कोणाच्या कपाळावर एकाच बाजूस फोड दिसले, तर त्याला त्याच दिवशी घेऊन या. पैशाइतकेच हे दानही मोलाचे आहे.