डोळे मिटून पायाला विचारा
(उत्सवातील भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल विभागात लागलेला साधा इंजिनिअर आहे. तरीही खेळाडूंच्या सांध्यांवर बोलणार आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये.

आधी सगळ्यांनी डोळे मिटा आणि बोट नाकाच्या टोकाला लावा. जमले ना? हात कुठे आहे हे न पाहताच कळले. स्नायूंत, कंडरांत आणि सांध्यांभोवती ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. ती मेंदूला सतत खबर देतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले. ती मोजताही येते. डोळे बांधून गुडघा एका कोनात वाकवतात, सरळ करतात आणि तोच कोन पुन्हा करायला सांगतात. किती अंश चुकले ते पाहतात.

ही जाण सरावाने वाढते. आपला मल्लखांबच बघा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. एरंडेल लावलेल्या खांबावर उलटे लटकलेल्या मुलाला आपले पाय दिसत नाहीत, तरी पकड अचूक बसते. मुंबईत अंध मुलीही दोरीचा मल्लखांब करतात. मात्र प्रत्येक खेळाची मागणी वेगळी. खो-खोत गुडघा-घोटा, गोलंदाजाचा खांदा, तर आपल्या कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये चिखलात वळणारा घोटा. एका खेळात कमावलेले दुसऱ्यात आपोआप मिळत नाही. आणि दमल्यावर ही जाण मंदावते.

आता माझी चूक. मुलगा फुटबॉल खेळतो. पावसाळ्यात त्याचा घोटा मुरगळला. तीन आठवड्यांत सूज उतरली. मीच म्हटले, "जा रे, आता काही होत नाही." पहिल्याच सामन्यात, कोणाचा धक्का नसताना, तोच पाय पुन्हा वळला. अस्थिबंध फाटला, मोसम गेला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर त्याला डोळे मिटून त्या पायावर उभे केले, तर चार सेकंदांत तोल गेला. चांगल्या पायावर मात्र तो आरामात उभा राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यार्डात पॉइंट फिरला तरी तो नीट बसल्याचे 'डिटेक्शन' आल्याशिवाय आपण सिग्नल देत नाही. पोराच्या घोट्याचे डिटेक्शन गेले होते आणि बापाने सिग्नल हिरवा केला होता!

उपाय बिनखर्चाचा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभे राहायचे. आधी डोळे उघडे, मग मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. शेवटी त्या खेळातल्या उड्या आणि वळणे. रोज थोडे, पण काही आठवडे नेमाने. अशा सरावाने घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे.

मुलगा आता पुन्हा खेळतो. रोज दात घासताना आम्ही दोघे एका पायावर उभे असतो. आधी पाय टेकतो तो बापच!

मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्यांनो, मुलांना मैदानावर धाडणाऱ्या पालकांनो, "दुखायचे थांबले का?" एवढ्यावर थांबू नका. डोळे मिटून पायालाही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!