कवडसा आणि डिजिटल कॅमेरा

कौलारू घरांत वाढलेल्या माणसाला कवडसा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. दुपारीं कौलांच्या फटींतून उन्हाची तिरीप उतरते, तिच्यांत धुळीचे कण तरंगतात, आणि सारवलेल्या जमिनीवर प्रकाशाचें एक वाटोळें टिकलें उमटतें. फट वांकडीतिकडी असते. कवडसा मात्र गोल. हा आकार फटीचा नव्हे, तें प्रत्यक्ष सूर्याचें चित्र आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं येते. फटीपासून तीन मीटरांवर उन्हाच्या समोर कागद धरला, तर हें चित्र सुमारें २८ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाहून किंचित् लहान पडतें. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं महाराष्ट्रांत खंडग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां जेथें जेथें आकाश निरभ्र होतें तेथें झाडांखालचे कवडसेहि कोरीच्या आकाराचे झाले होते.

प्रकाश सरळ रेषेंत जातो, एवढ्या एकाच नियमावर हा सगळा खेळ चालतो. वस्तूच्या शेंड्यावरून निघालेला किरण छिद्रांतून खालीं जातो, पायथ्याचा वर जातो, आणि पलीकडच्या पडद्यावर वस्तु उलटी उभी राहते. इब्न अल्-हैथम या पंडितानें अकराव्या शतकांत ग्रहणाच्या निमित्तानें याचा कसून विचार केला होता. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरांत भिंतींतील लहानशा झरोक्यामुळें गोपुराची उलटी छाया आंतल्या भिंतीवर पडते. ती आजहि लोक कौतुकानें पाहतात. त्या भिंतीच्या जागीं प्रकाश टिपणारी एखादी वस्तु ठेवली, कीं झाला कॅमेरा. भिंगाची गरजच नाहीं.

हल्लीं हाच प्रयोग कित्येक हौशी मंडळी डिजिटल कॅमेऱ्यावर करतात. हजारों रुपयांचें भिंग काढून ठेवावयाचें आणि त्या जागीं शीतपेयाच्या डब्याचा पत्रा लावावयाचा, हें वरवर पाहतां वेडेपण वाटतें. परंतु कृति सोपी आहे. भिंग काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडावर जें प्लास्टिकचें झांकण बसवितात, त्याच्या मध्यभागीं पांचसहा मिलिमीटरांचें भोंक पाडावें. डब्याच्या पत्र्याचा तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवून बारीक सुईचें केवळ टोंक त्यांत रुतवावें. पाठीमागें आलेला कंगोरा बारीक पॉलिश पेपरानें घासून काढावा, आणि छिद्र स्वच्छ गोल होईपर्यंत पुन्हां पुन्हां असेंच करावें. मग तो तुकडा काळ्या चिकटपट्टीनें झांकणाच्या आंतल्या बाजूस बसवावा.

प्रश्न येतो तो छिद्र केवढें असावें याचा. छिद्र जितकें बारीक तितकें चित्र रेखीव, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. छिद्र मोठें असेल तर एका बिंदूचा प्रकाश पडद्यावर पसरट ठिपका पाडतो, हें खरें; पण एका मर्यादेच्या खालीं छिद्र गेलें कीं प्रकाशाच्या लहरी त्याच्या कडांवरून वळूं लागतात व चित्र उलट अधिकच धुरकटतें. ही मर्यादा लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९१ मध्यें गणितानें बसवून दिली. छिद्रापासून पडद्याचें अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी, दोन्ही मिलिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याचें वर्गमूळ काढावें आणि त्यास १.९ नें गुणावें. आरशाच्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत झांकणापासून संवेदकापर्यंतचें अंतर ४४ ते ४७ मिलिमीटर असतें. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ धरली तर उत्तर येतें सुमारें ०.३ मिलिमीटर. एवढें छिद्र मोजावयाचें कसें? कागदपत्रें उतरविण्याच्या स्कॅनरवर पत्रा ठेवून २४०० बिंदु प्रतिइंच या मापानें प्रतिमा घ्यावी. छिद्र २८ बिंदु रुंद भरलें, कीं काम झालें.

येथेंच डिजिटल कॅमेऱ्याचा खरा उपयोग दिसतो. पूर्वीं कागद किंवा फिल्म वापरून हें करणारास प्रत्येक छिद्राची परीक्षा अंधाऱ्या खोलींत, रसायनांच्या वासांत करावी लागे. आतां ०.१५, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरांचे तीन पत्रे एकाच दुपारीं लावून पाहतां येतात, आणि रॅलेचें गणित डोळ्यांसमोर उभें राहतें. मधला पत्रा जिंकतो.

मात्र तो जिंकला म्हणजे चित्र भिंगाच्या तोडीचें होतें असें नाहीं. एका बिंदूचा ठसा दोन दशांश मिलिमीटरांचा धरला, तरी ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर असे ठसे एका ओळींत १८० च मावतात. त्या संवेदकावर पिक्सेल असतात २ कोटी ४० लक्ष; म्हणजे एकेका ठशाखालीं जवळजवळ हजार पिक्सेल एकच निरोप घेऊन बसलेले असतात. छापील कागदाएवढ्या मोठ्या फिल्मवर घेतलेलें छिद्राचें चित्र याहून पुष्कळच रेखीव येतें. अलीकडच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत अंतर १६ ते २० मिलिमीटरच असल्यानें दृश्य फार रुंद येतें, पण कोपरे काळवंडतात. १८ मिलिमीटरांवर कोपऱ्यांत मध्याच्या मानानें प्रकाश केवळ एकषष्ठांश पोंचतो, आणि कडेला कधीं कधीं भलत्याच रंगाची झांकहि येते. यंत्रांतल्या युक्तीनें साधें चित्र धूसर करून तेंच छिद्राचें म्हणून मिरविणारेहि आहेत. त्यांना ही कटकट नाहीं आणि तिच्यापासून होणारा बोधहि नाहीं.

आणखी एक गोष्ट नवशिक्यास हमखास चकविते. पहिलें चित्र पाहतांच आकाशांत काळे ठिपके दिसतात. ते पक्षी नव्हेत. ती संवेदकावरची धूळ आहे. भिंगांतून प्रकाश रुंद शंकूच्या आकारानें येत असल्यामुळें कणांची सांवली विरून जाते. सुईच्या छिद्रांतून मात्र तो जणुं एकाच बिंदूपासून येतो, म्हणून प्रत्येक कण आपली छाया स्वच्छ उमटवितो. त्या धूसर चित्रांत सर्वांत रेखीव वस्तु कोणती, तर धूळ! त्याहून मोठा धोका झांकणाच्या भोंकांतून निघालेल्या किसाचा. तो आंत गेला तर महागाचा संवेदक ओरखडण्याची भीति असते. म्हणून भोंक पाडल्यावर झांकण धुऊन, पूर्ण वाळवूनच लावावें. धूळ हवेच्या फुग्यानें उडवावी. बोट किंवा फडकें आंत घालूं नये. प्रयोगासाठीं जुना, दुसऱ्या हाताचा कॅमेरा घेणें हें सर्वांत शहाणपणाचें.

एवढें सोसून मिळतें काय? एक तर, जवळचें व दूरचें सारख्याच मऊपणानें दिसतें. हातभर अंतरावरचें तुळशीवृंदावन आणि पलीकडचा डोंगर यांत उजवेंडावें राहत नाहीं. दुसरें, काळ चित्रांत उतरतो. ०.३ मिलिमीटरांच्या छिद्रास १०० आयएसओवर भर दुपारच्या उन्हांतहि सुमारें एक सेकंद लागतो, संध्याकाळीं कित्येक सेकंद, आणि देवळाच्या सभामंडपांत मिनिटें. त्यामुळें तिवई हवीच. गजबजलेल्या बाजाराचें असें चित्र संध्याकाळीं घेतलें, तर दुकानें व पाट्या जागच्या जागीं असतात, माणसें मात्र धुक्यासारखीं विरून जातात. दुपारीं तळ्याकांठीं उभ्या असलेल्या म्हशीचें चित्र मात्र चांगलें येतें; शेपटी तेवढी येत नाहीं.