उष्णता येते कुठून?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विहार कमिटीने मला विज्ञानावर दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटले, अहो, मी सूतगिरणीतला कामगार माणूस. रिंगफ्रेम खात्यात तीस वर्षे गेली. दहावीनंतर कॉलेजचे तोंड पाहिले नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. पण कमिटी ऐकेना. तेव्हा मला समजले तेवढे सांगतो. सूत्र एकही सांगणार नाही. आकडे येतील, पण ते किराण्याच्या हिशेबाएवढेच.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझी मुलगी नववीत होती. रात्री अभ्यास करताना तिने विचारले, "पप्पा, उष्णता म्हणजे नेमकं काय?" मी चहा बशीत ओतत होतो. म्हटले, "हे बघ, कपातली उष्णता बशीत आली, बशीतली माझ्या हातात आली. पाण्यासारखी वाहणारी वस्तूच आहे ती." ती म्हणाली, "मग थंडीत आपण हात चोळतो तेव्हा ती कुठून येते? दोन्ही हात तर गारच असतात."

मला उत्तर येईना, आणि येत नाही असे कबूल करायची लाज वाटली. मी म्हणालो, "जास्त शहाणपणा करू नको. पुस्तकात दिलंय तेवढं पाठ कर." बंधूंनो, मी नवीन कामाला लागलो तेव्हा जॉबरने मला हेच ऐकवले होते, आणि तेव्हा मला किती राग आला होता! तेच मी माझ्या पोरीला ऐकवले. दहावीनंतर तिने सायन्स घेतले नाही. कारणे बरीच होती, पण माझे ते वाक्य मला अजून टोचते.

पुढे पुस्तके वाचली तेव्हा कळले, की माझे उत्तर चुकीचे होते, पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे विद्वान तेच उत्तर देत होते. आणि माझ्या पोरीने विचारला, तोच प्रश्न त्या विद्वानांनाही अडचणीत आणणारा ठरला होता.

फ्रान्समध्ये लव्हाझिए नावाचे थोर रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1789 साली मूलद्रव्यांची यादी छापली. तिच्यात ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्याबरोबर उष्णतेलाही जागा दिली होती. तिला नाव होते 'कॅलरिक'. म्हणजे वजन नसलेला, वाहणारा एक सूक्ष्म पदार्थ. तो नवा तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त इकडून तिकडे जातो. ही कल्पना काही वेडगळ नव्हती. चहा गार का होतो, तापलेले लोखंड का फुगते, हे तिने सांगता येत होते. कुठे किती कॅलरिक गेले ते मोजताही येत होते.

पण जर्मनीतल्या म्युनिक शहरात तोफा तयार करण्याचा कारखाना होता. काउंट रम्फर्ड नावाचे गृहस्थ तिथे देखरेख करीत. तोफेच्या धातूला भोक पाडताना तो भयंकर तापतो, हे तिथल्या कामगारांना रोजचेच होते. रम्फर्डनी मात्र विचारले, ही उष्णता येते कुठून? त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार लावले, सुमारे साडेआठ किलो पाण्यात धातू बुडवला आणि घोड्यांकडून यंत्र फिरवले. अडीच तासांनी ते पाणी उकळले! जाळ नाही, सरपण नाही. बघणारे थक्क झाले. 1798 साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते. जी संपतच नाही ती आत साठवलेली वस्तू कशी असेल? ती हालचालच असली पाहिजे, असे ते म्हणाले. म्हणजे हात चोळण्याचाच प्रश्न!

आपल्याला वाटेल की त्या दिवशी कॅलरिक संपले. तसे झाले नाही. ते पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकले. याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. कॅलरिकवाल्यांकडे हिशेब होता, आणि हालचाल म्हणणाऱ्यांकडे तो नव्हता. किती घासले म्हणजे किती उष्णता? हे कोणी सांगू शकत नव्हते. शास्त्रात जुनी कल्पना चुकते एवढ्याने भागत नाही, नव्या कल्पनेला तिच्यापेक्षा चांगला हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी दिला. दोघेही प्राध्यापक नव्हते.

पहिले रॉबर्ट मायर, जहाजावरचे तरुण जर्मन डॉक्टर. 1840 साली ते जावा बेटाकडे गेले. तिथे खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते नेहमीपेक्षा जास्त लाल दिसले. उष्ण देशात शरीर गरम ठेवायला अन्न कमी जाळावे लागते, म्हणून रक्तात ऑक्सिजन उरतो, असा त्यांनी अर्थ लावला. आणि मग पुढचा विचार सुचला, की खाल्लेल्या अन्नातूनच अंगाची ऊब मिळते आणि हातून होणारे कामही. तेव्हा काम आणि ऊब यांचा आपसात काही ठरलेला भाव असला पाहिजे. त्यांचा निबंध 1842 साली छापून आला, पण फारशी दखल घेतली गेली नाही. मनस्तापाने त्यांनी 1850 साली खिडकीतून उडी घेतली. सुदैवाने वाचले. मान मिळाला तो फार उशिरा.

दुसरे जेम्स जूल. इंग्लंडमध्ये कापडगिरण्यांच्या मँचेस्टर शहराला लागून असलेल्या सॅलफर्डचे. घरची बिअरची भट्टी होती. त्यांनी तांब्याच्या भांड्यात पाणी भरले, आत वल्ह्यांसारखी पाती बसवली आणि दोरीला वजने बांधून खाली सोडली. वजन उतरले की पाती फिरायची आणि पाणी घुसळून निघायचे. वजने वीस-वीस वेळा वर नेऊन सोडली तरी पाणी अंशभरही तापत नसे, इतके बारीक मोजमाप! पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. पाणी घुसळून, विजेने, हवा दाबून अशा निरनिराळ्या रीतींनी मोजले, आणि भाव जवळजवळ सारखाच निघाला.

तो भाव आपल्या मापात सांगतो. 50 किलोचे पोते साडेआठ मीटर, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलायला जेवढे काम लागते, तेवढ्याने एक लिटर पाणी फक्त एक अंश तापते. 25 अंशांचे पाणी उकळायचे तर अशी 75 पोती! माता-भगिनींनो, चहाचे आधण ठेवाल तेव्हा हे आठवा. आणि पोती उचलणाऱ्या हमालाच्या अंगात रोज किती शक्ती खर्च होते तेही आठवा.

जूल यांचेही सुरुवातीला कोणी ऐकले नाही. रॉयल सोसायटीने त्यांचा एक निबंध छापायला नकार दिला. तेव्हा 1847 च्या एप्रिलमध्ये त्यांनी मँचेस्टरच्या सेंट ॲन चर्चच्या वाचनाच्या खोलीत साध्या श्रोत्यांपुढे भाषण दिले, आणि ते गावातल्या वर्तमानपत्रात छापून आले. मला हे फार आवडले. जगातला एवढा मोठा विचार आधी सविस्तर मांडला गेला तो तुमच्या-आमच्यासारख्यांपुढे, प्रार्थनास्थळाच्या एका खोलीत! त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत थॉमसन नावाच्या तरुण प्राध्यापकाचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि मग चक्र फिरले. आज ऊर्जा मोजण्याच्या एककाला 'जूल' म्हणतात.

हे सगळे वाचून झाल्यावर मी मुलीला फोन केला. ती आता सासरी असते. म्हटले, "बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. हात चोळताना उष्णता कुठून वाहत येत नाही. हाताची हालचालच उष्णता होते. आपण खाल्लेल्या भाकरीतून ती हालचाल येते." ती हसली. म्हणाली, "पप्पा, मग गार झालेला चहा आपोआप परत गरम का होत नाही? हवेनं घेतलेली उष्णता परत दिली तरी हिशेब तोच राहील ना?"

या वेळी मी म्हणालो, "मला माहीत नाही. बघून सांगतो."

पुन्हा वाचनालयात गेलो. याचेही उत्तर आहे. 1850 साली क्लॉसियस यांनी दाखवले, की जमाखर्च जुळला तरी दिशाही पाहावी लागते. उष्णता आपण होऊन गरमकडून गारकडे जाते, उलटी जात नाही. पुढे बोल्ट्‌झमन यांनी त्याचे कारण सांगितले. उष्णता म्हणजे पदार्थाच्या असंख्य कणांची धडपड. चहाच्या कणांची धडपड खोलीतल्या हवेत पांगते. 14 एप्रिलची मिरवणूक संपून गर्दी घरोघरी पांगली, की ती आपोआप त्याच क्रमाने पुन्हा ओळीत उभी राहील का? तसेच हे. कण खरेच असतात का, यावरही पुष्कळ भांडणे झाली. 1905 साली आइन्स्टाइन यांनी पाण्यातल्या बारीक धुळीच्या थरथरीवरून हिशेब मांडला आणि पेरँ यांनी तो प्रयोगाने खरा करून दाखवला, तेव्हा ती मिटली.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. आमच्या रिंगफ्रेमवर ट्रॅव्हलर नावाची बारीकशी कडी रिंगवर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तापते. फार वेग दिला तर जळून जाते. ऐन जानेवारीतही खाते गरम असते. का? मोटारींनी खाल्लेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णता होऊन खात्यात पसरते. सुताबरोबर बाहेर जात नाही. तीस वर्षे मी त्या उष्णतेत घाम गाळला. ती कुठून येते ते मला माझ्या पोरीच्या प्रश्नामुळे कळले.

माझी आईबापांना एकच विनंती आहे. पोर प्रश्न विचारील तेव्हा उत्तर आले नाही तरी चालेल. लव्हाझिएंनाही आले नव्हते. पण त्याला गप्प करू नका. "माहीत नाही, चल शोधू" एवढे म्हणा. आपल्या विहारात पुस्तकांचे कपाट आहे. त्याची किल्ली मुलांच्या हाती द्या, कुलूप लावून ठेवू नका.

माझे काही चुकले असेल तर तरुण मंडळींनी जरूर दुरुस्त करावे, मला आनंदच होईल. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!