बंदूक आणि तिचे काडतूस

भात पोटरीला आले, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत उलथीपालथी करून जातात. कोकणातल्या वाड्यांपासून विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांपर्यंत ही कहाणी सारखीच आहे. म्हणून खेड्यापाड्यांतून अजूनही कित्येक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी बंदूक आढळते. आजोबांनी घेतली, वडिलांनी वापरली, आता परवाना मुलाच्या नावावर झाला. परवान्याचे कागद हाती आले. पण बंदुकीची माहिती मात्र पुष्कळदा आजोबांबरोबरच गेली. ही बंदूक कोणत्या जातीची, तिला कोणते काडतूस चालते, कोणते चालत नाही, याचा उलगडा नसलेला माणूस जनावरापेक्षा स्वतःलाच अधिक भय निर्माण करतो. तेव्हा आज आपण बंदुकीच्या जाती, तिचे भाग आणि तिची काडतुसे यांची तोंडओळख करून घेऊ.

प्रथम ठासणीच्या बंदुकीविषयी. नळी, दस्ता, घोडा, चाप, निशाण धरण्याची माशी आणि नळीखाली खोचलेला गज एवढा तिचा संसार. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर बूच ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बूच, आणि शेवटी मागच्या बाजूला टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. ही टोपी येण्यापूर्वी जामगी पेटवून किंवा चकमक झाडून रंजक पेटवावी लागे. रंजक भपकन पेटे आणि मग क्षणभराने बार होई. स्कॉटलंडमधले एक पाद्री अलेक्झांडर फोरसिथ यांना पाखरांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा उजेड पाहूनच पाखरे उडून जात. म्हणून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग शोधून काढला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. पाखरांच्या चपळाईमुळे बंदुकीची सारी विद्या बदलली, असे म्हटले तरी चालेल!

ठासणीच्या बंदुकीचा मोठा दोष हा, की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. गेल्या हंगामात भरून ठेवलेली बंदूक या हंगामात रिकामी समजून पुन्हा भरली जाते. एका नळीत दोन बार! असा बार उडाला तर नळी फाटते आणि डावा हात गेलाच म्हणून समजा. यावर जुन्या जाणत्यांचा एक सोपा उपाय आहे. बंदूक रिकामी आहे अशी खात्री असताना गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करून ठेवावी. पुढे कधीही शंका आली, की टोपी काढून, तोंड बाजूला धरून, गज आत सोडून पाहावा. खूण नळीच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. एवढ्या एका खुणेने एखाद्या घरावरचा अनर्थ टळतो.

आता काडतुसाच्या बंदुकीकडे वळू. आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण बारा म्हणजे काय? बारा इंच नव्हे, बारा मिलीमीटर नव्हे, की बारा छर्रेही नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. अशी एक गोळी सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने सव्वातीन तोळ्यांची होते आणि तिचा व्यास साडेअठरा मिलीमीटर भरतो. त्याच पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद, १५.६ मिलीमीटरची. आकडा वाढला की नळी बारीक, असा हा उलटा न्याय आहे. शिक्षक बंधुभगिनींना यात गणिताचा एक छान धडा सापडेल. शिशाची घनता ११.३४ घ्या, गोलाच्या घनफळाचे सूत्र मांडा, आणि मुलांकडून व्यास काढून घ्या. उत्तर बरोबर जुळते.

छऱ्यांच्या आकड्यांचेही असेच आहे. चार नंबरचा छर्रा सहा नंबरपेक्षा मोठा. हे दोन्ही ज्वारीच्या दाण्याहून काहीसे लहानच. एस.जी., एल.जी. अशी अक्षरे असलेली काडतुसे मात्र मोठ्या छऱ्यांची असतात. काडतुसाच्या बुडाशी पितळेची वाटी, तिच्या मध्यभागी टोपी, आत दारू, तिच्यावर बूच, वर छर्रे आणि तोंड दुमडून बंद केलेले. ठासणीच्या बंदुकीत जे पाच वेळा हात घालून करावे लागे, ते सारे कारखान्यातच मापाने भरून येते. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे दिसली तर ते खडकीचे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचे काडतूस घातले तर काय होईल? पुष्कळांना वाटते, फार तर ते सैल बसेल. तसे होत नाही. वीसच्या काडतुसाची कड सुमारे साडेएकोणीस मिलीमीटरची. बाराच्या बंदुकीत काडतूस बसण्याची मागची जागा याहून रुंद असते, म्हणून ते आत घसरते. पण पुढे नळी साडेअठराची होते तिथे ते अडकते. बंदूक मोडून मागून पाहिले तर जागा रिकामी दिसते. घाईत, अंधारात, माणूस म्हणतो, ‘काडतूस घालायचे राहिलेच की!’ आणि मागे बाराचे काडतूस सरकवतो. ते उडाले की पुढच्या काडतुसाचा अडथळा. मग नळी फुटते, तीही डाव्या हाताच्या जवळ. म्हणून दोन बोअरची काडतुसे एका पिशवीत, एका खिशात, एका कोनाड्यात कधीही ठेवू नयेत. काही कारखाने वीस बोअरला पिवळा रंग देतात. पण सगळेच देत नाहीत. रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा.

दुसरी खबरदारी लांबीची. जुन्या बंदुकांची काडतूस बसण्याची जागा अडीच इंचांची, तर नव्या काडतुसांची लांबी पुष्कळदा पावणेतीन इंचांची असते. गंमत अशी, की लांब काडतूसही आखूड जागेत सहज बसते. कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. उडताना ते उघडायला जागाच मिळाली नाही तर आतला दाब वाढतो. आणि नळी जुन्या पद्धतीची, लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, अंगावर लहरीलहरींची नक्षी असलेली असेल तर अधिकच जपावे. या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या बिनधुराच्या दारूचा जोर त्यांना सोसेलच असे नाही. अशी बंदूक परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी आणि त्याने नको म्हटले तर ती उडवू नये.

छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र आतून फिरत्या चरी पाडलेल्या असतात. त्या चरींमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते. फिरणारा भोवरा तोल सांभाळतो, तशी ही गोळीही तोंड सरळ ठेवून दूरवर जाते. कंपनी सरकारच्या फौजेत १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल आली, ती चरींची पण तोंडातून भरायची. चरींच्या नळीत गोळी घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी खाली उतरायची तर तिच्या कागदी काडतुसाला वंगण हवे. ते काडतूस दातांनी फाडायचे आणि वंगण गाई-डुकरांच्या चरबीचे, ही वार्ता छावण्यांतून पसरली. १८५७ च्या उठावाला कारणे अनेक होती. पण ठिणगी पडली ती या काडतुसावर.

पुढे मागून भरायच्या रायफली आल्या. ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. ती म्हणजे .३०३ इंच, सुमारे ७.७ मिलीमीटर. येथे आकडा गोळ्यांच्या वजनाचा नाही, सरळ इंचांचा आहे. तिची गोळी नळीतून सुटताना सेकंदाला सुमारे ७४० मीटर जाते, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने. बाराच्या छऱ्यांचा वेग साधारण ४०० मीटर, आणि तोही वाऱ्याच्या अडथळ्याने लवकर मंदावतो. लष्कराची काडतुसे खासगी माणसाच्या हाती पडू नयेत, असे इंग्रज सरकारला वाटे. म्हणून नागरिकांसाठी .३१५ ची निराळी रायफल निघाली, आणि तोच आकडा आपल्याकडे अद्याप चालू आहे. .३०३ मात्र आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांविषयी थोडेसेच सांगतो. रिव्हॉल्व्हरची चक्री फिरते, पिस्तुलाची काडतुसे मुठीतल्या खोक्यात असतात. दोहोंवर ‘.३२’ असाच आकडा असला तरी काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरचे २३ मिलीमीटर लांबीच्या पुंगळीचे, पिस्तुलाचे १७ मिलीमीटरच्या. दुकानात नुसते ‘बत्तीस द्या’ म्हणू नये. आणि पिस्तुलाचे खोके काढले म्हणजे ते रिकामे झाले असे समजू नये. एक काडतूस नळीच्या बुडाशी राहिलेले असू शकते. कित्येक अपघात त्या विसरलेल्या एका काडतुसाने होतात.

काही हरहुन्नरी मंडळींना वाटते, की पंप दुरुस्त करतो, इंजिन उघडतो, मग बंदूक का नाही? चाप जड लागतो, जरा कानस मारू. नळी लांब आहे, जरा कापू. श्रोतेहो, पंप बिघडला तर पाणी येत नाही, बंदूक बिघडली तर माणूस जातो. चापाच्या आतला खाचा केसभर झिजला तरी नुसत्या धक्क्याने घोडा पडतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनवणे वा दुरुस्त करण्याचा धंदा करणे याला परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. घरी करायचे काम एकच. बंदूक रिकामी करून, खात्री करून, नळी पुसावी आणि तेलाचा हात द्यावा. विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात काळ्या दारूची राख नळीत राहिली तर गंज चढायला वेळ लागत नाही. आणि हेही ध्यानात असू द्या, की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

रात्रीच्या वेळी नुसती झुडपाची सळसळ ऐकून बार टाकू नये. झुडपामागे डुक्करच असेल असे नाही. राखणीला आलेला शेजारी असेल, पाणी धरायला निघालेला भाऊ असेल. रानात माणसाला जनावर समजून गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या प्रत्येक बातमीतल्या माणसाने आवाजावर नेम धरलेला असतो. दिसल्याशिवाय, ओळखल्याशिवाय आणि पलीकडे काय आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट नको. बाराचे छर्रे चाळीस यार्डांपलीकडे फारसे कामाचे नसले तरी डोळा फोडायला ते पुष्कळ दूर पुरेसे असतात. आणि .२२ ची इवलीशी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. जांभ्या दगडावर वा पाण्यावर आपटून ती भलतीकडेच वळते.

हीच .२२ ची रायफल शिस्तीने हाती घेतली तर काय घडते, तेही सांगितले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती ठरली. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलीमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. तिथे मन आणि श्वास दोन्ही स्थिर लागतात. छात्रसेनेतल्या मुलांना .२२ ची रायफल हाताळताना जी शिस्त शिकवतात, तीच घरातल्या बंदुकीलाही लागू आहे.

ती शिस्त चार वाक्यांत मावते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. तिचे तोंड कधीही माणसाकडे करू नका. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. नेमापलीकडे काय आहे ते पाहा. यात आपल्या घरांसाठी पाचवे जोडतो. बंदूक खुंटीवर नको, कुलपात ठेवा; आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. मुलांना कपाटाची किल्ली कुठे आहे हे ठाऊक असते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. म्हणून किल्ली अंगावर बाळगा. शिक्षकांनी वर्गात मुलांना एवढे जरूर सांगावे, की कुठे बंदूक वा काडतूस दिसले तर हात लावायचा नाही, तिथून दूर व्हायचे आणि मोठ्या माणसाला बोलवायचे. शेतात सापडलेले जुने काडतूसही चुलीत टाकून किंवा दगडाने ठेचून पाहायची वस्तू नव्हे.

बंदूक शेताच्या राखणीसाठी आहे. तिची माहिती असेल, तिचे काडतूस तिलाच मिळेल आणि ती कुलपात राहील, तर ती राखण करील. नाहीतर ज्या घरासाठी पीक राखायचे, त्याच घरावर संकट आणील. आज रात्री एकदा आपल्या काडतुसांच्या बुडावरचे आकडे वाचून पाहा, बंदुकीच्या परवान्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि न जुळणारे एकही काडतूस घरात ठेवू नका. ते पोलीस ठाण्यात जमा करा.