एक सर्व्हर माडीवर, सहा संगणक खाली

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण विषय आपल्या शिरोळचाच आहे.

पंचगंगा आणि कृष्णा नृसिंहवाडीला मिळतात. पाणी फुगलं की काय होतं, हे २०१९ आणि २०२१ ला आपण बघितलंय. माझ्या घरी तळमजल्यावर शाळकरी मुलांसाठी सहा जुने संगणक आहेत. पूर आला की मशीन उचलायची का धान्य उचलायचं, हा प्रश्न. मशीन जुनी, गेली तर गेली. पण मुलांचं वर्षभराचं काम जायला नको. म्हणून मी ठरवलं, खाली हार्ड डिस्क ठेवायचीच नाही.

यालाच नेटवर्क बूट म्हणतात. संगणक आपल्या डिस्कवरून नाही, तर केबलमधून सुरू होतो. ही सोय बहुतेक मशीनमध्ये आधीच असते. नाव पीएक्सई. इंटेलनं १९९९ मध्ये याच्या २.१ आवृत्तीचा तपशील प्रसिद्ध केला, म्हणजे गोष्ट काही नवी नाही.

चालतं कसं? बटण दाबलं की नेटवर्क कार्ड हाळी देतं, "मला पत्ता द्या, आणि सुरू कशावरून होऊ ते सांगा." पंगतीचंच उदाहरण घ्या. बसायची जागा घरातला राऊटर दाखवतो, वाढायचं काम आपला सर्व्हर करतो. सर्व्हरवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीनं चालवला की राऊटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले तर गोंधळ होतो, तो इथं टळतो.

मग टीएफटीपीनं एक लहान फाइल येते, तिच्यामागून लिनक्सचा गाभा, आणि शेवटी सगळी प्रणाली एकाच प्रतिमा-फाइलमधून उघडते. हे सगळं जुळवून देणारा मोफत संच म्हणजे एलटीएसपी.

सर्व्हर म्हणजे माडीवरचा माझा नेहमीचाच घरचा संगणक. त्यात उबंटू टाकलं, हवे ते प्रोग्राम टाकले आणि त्याचीच प्रतिमा केली. नवीन प्रोग्राम हवा असेल तर एकदाच वर टाकायचा, प्रतिमा पुन्हा बनवायची. खाली सहाही ठिकाणी तो दिसतो. एखाद्या पोरानं सेटिंग विस्कटलं तर मशीन बंद करून चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. मुलांच्या फायली मात्र वर सर्व्हरवर राहतात.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. वायफायच्या नादाला लागू नका; केबल टाका, आणि स्विच गिगाबिटचाच घ्या. बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणा. जुनं बायोस आणि नवं यूईएफआय यांना सुरुवातीच्या फायली वेगवेगळ्या लागतात. आणि मशीन सुरूच होत नसेल तर सिक्युअर बूट बंद आहे का, ते आधी बघा.

याची दुसरी बाजूही सांगतो. वरचा एक बंद पडला की खालचे सहाही बंद. म्हणून सर्व्हरला यूपीएस हवाच. आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी ठेवा. आमच्याकडं हे काम मृगाच्या आधी उरकतं.

तुमच्याकडं दोन जुनी मशीन पडून असतील तर या रविवारी एकावर करून बघा. कुठं अडलं तर कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया.